आमची ध्वनिवर्धकाची खरेदी

साठी उलटल्यावर माणसानें नव्या विद्येच्या वाटेस जाऊं नये, असें आमच्या घरांतील मंडळींचें एकमुखी मत आहे. आम्हीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढचें जें कांहीं, तें एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या पायाशीं बसून मिळालेलें. विजेच्या यंत्रांशीं आमचा संबंध दिव्याचें बटण दाबण्यापुरता. अशा आम्हांवर गेल्या वर्षीं ॲम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, विकत घेण्याचा प्रसंग आला. त्यांत आम्ही एकदां चुकलों व एकदां सांवरलों. ज्या घरांत जुन्या तबकड्या आहेत, आणि त्या ऐकणारें एखादें वडील माणूसहि आहे, त्या घरास आमचा अनुभव उपयोगीं पडेल, म्हणून तो येथें सांगत आहों.

आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, ते आमच्याहून चौदा वर्षांनीं वडील. गेल्या वर्षीं त्यांस ऐंशीवें लागलें. तरुणपणापासून त्यांनीं जमविलेल्या दीडशेंवर तबकड्या माजघरांतील कपाटांत आहेत. अब्दुल करीमखांसाहेब, हिराबाई बडोदेकर, कुमार गंधर्व अशी ती मांदियाळी. दिवेलागण झाली कीं दादांनीं एक तबकडी लावावी, आणि मुलांनीं तेवढा वेळ तरी गप्प बसावें, असा घरचा जुना शिरस्ता. तीन वर्षांपूर्वीं जुना ॲम्प्लिफायर बंद पडला आणि शिरस्ताहि मोडला. दुरुस्तीचें विचारलें तेव्हां दादा म्हणाले, "राहूं दे रे. आतां त्यांत मन लागत नाहीं."

वयोमानाप्रमाणें दादांस विरक्ति आली, असें आम्ही धरून चाललों. वहिनींनीं मात्र तें कधीं मानलें नाहीं. एके दिवशीं त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, विरक्त झालेला माणूस कपाटाच्या कांचा रोज कशाला पुशील?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तबकडी फिरविणारें यंत्र शाबूत होतें. पुतण्या नोकरीच्या गांवीं जातांना आपले दोन स्पीकर घरीं ठेवून गेला होता. उणीव काय ती मधल्या दुव्याची. निवृत्तिवेतनांतून पंधरा हजार रुपये बाजूला काढून आम्ही ह्या कामास लागलों.

पहिला धडा मिळाला तो असा. तबकडीच्या सुईपासून निघणारा विद्युत्-संकेत फार दुबळा असतो. नेहमींच्या सुईंत तो अवघा चार-पांच सहस्रांश व्होल्ट. शिवाय तबकडी कोरतांना खर्जांतील नाद मुद्दाम कमी करून व तारांतील वाढवून कोरतात. तसें न केल्यास खर्जाची वळणें रुंद होऊन तबकडीवर गाणें थोडेंच मावेल, आणि सुईची खरखर जास्त ऐकूं येईल. वाजवितांना हें प्रमाण उलट करून नाद पूर्ववत् करावा लागतो. तबकडींत संधि केलेला आहे, यंत्रांत त्याचा विग्रह व्हावयाचा, असें आम्हीं स्वतःस समजाविलें. हें प्रमाण अमेरिकेंत १९५४ सालीं ठरलें व पुढें जगभर रूढ झालें. तेव्हां ॲम्प्लिफायरच्या पाठीमागें 'फोनो' असें लिहिलेली जागा आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. नसेल तर त्या कामासाठीं निराळी डबी घ्यावी लागते, आणि तिची किंमत हिशेबांत धरली पाहिजे.

दुसरा धडा वॅटचा. तीसेक वर्षांपूर्वीं हातांत मावणाऱ्या खोक्यांवर 'पी.एम.पी.ओ.' ह्या अक्षरांपुढें हजार-हजार वॅटचे आंकडे छापलेले असत, हें वाचकांस आठवत असेल. तो आंकडा क्षणभराच्या कल्पित उसळीचा. त्यास कांहीं अर्थ नाहीं. सतत देतां येणारी शक्ति किती, तेवढेंच विचारावें. आम्हांस हें ठाऊक असूनहि आम्ही भुललों. तळहातापेक्षां किंचित् मोठी, देखणी अशी एक धातूची डबी साडेचार हजारांस मिळाली. तींत फोनोची सोय होती. तिच्यावर दोन्ही बाजूंस शंभर-शंभर वॅट असें लिहिलें होतें. घरीं आल्यावर सोबतच्या वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यावरील बारीक अक्षरें आम्हीं भिंगानें वाचलीं: २४ व्होल्ट, ३ अँपिअर. चोवीस त्रिक बहात्तर. ज्या ठोकळ्यांतून एकूण बहात्तर वॅट येतात, त्यांतून सतत दोनशें वॅट कसे निघावे? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार!

डबी 'डी' वर्गाची होती. हा 'डी' म्हणजे डिजिटल असें पुष्कळ जण सांगतात. तें खरें नव्हे. ए, बी, सी हीं अक्षरें आधींच्या पद्धतींस देऊन झालीं होतीं, म्हणून हिच्या वांट्यास पुढचें अक्षर आलें, इतकेंच. ह्या पद्धतींत वीज फार थोडी वायां जाते व यंत्र फारसें तापत नाहीं. तेव्हां पद्धति हलकी नव्हे. खोटा होता तो वरचा आंकडा.

परंतु पुढें हिशेब केला तेव्हां कळलें कीं, त्या खोट्या आंकड्यानें आमचें बिघडलें असें कांहींच नव्हतें. आमच्या स्पीकरच्या माहितीपत्रकांत ८६ डेसिबल असा आंकडा आहे. म्हणजे एक वॅट दिल्यास एक मीटरवर तेवढा आवाज. वॅट दुप्पट केले कीं आवाज अवघा तीन डेसिबलनें वाढतो, आणि कानास तो दुप्पट वाटावयास वॅट सुमारें दसपट करावे लागतात. बारा बाय चौदा फुटांच्या माजघरांत नेहमींच्या ऐकण्यास एखाद-दुसरा वॅट पुरतो. वीस-तीस खरे वॅट म्हणजे चैनच. वाचकांनीं म्हणून वॅटसाठीं पैसे ओतूं नयेत. स्पीकर किती ओहमचे आहेत आणि ॲम्प्लिफायर त्यांस चालतो कीं नाहीं, हें मात्र दोहोंच्या पाठीवर वाचून घ्यावें.

त्या संध्याकाळीं हिराबाईंची तबकडी लावली. दादा आरामखुर्चींत येऊन बसले. थोड्या वेळानें म्हणाले, "छान आहे. जरा वाढव." आम्हीं आवाज वाढविला. "अजून थोडा." मुलें कानांवर हात ठेवून अंगणांत पळालीं. एक बाजू संपतांच दादा उठले, आणि आमच्या खांद्यावर हात ठेवून आंत गेले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तबकडी मागितली नाहीं. रात्रीं आम्ही शेजारीं जाऊन बसलों, तेव्हां हळूच म्हणाले, "बाळ, आवाज येतो रे. शब्द येत नाहींत."

आम्हांस फार लाज वाटली. तीन वर्षें ज्यास आम्ही विरक्ति म्हणत होतों, ती विरक्ति नव्हतीच.

कानाच्या डॉक्टरांनीं तपासून एक आलेख काढून दिला. खालच्या नादांपर्यंत रेषा बरीच सरळ. वरच्या नादांशीं येतांच ती उतरणीस लागलेली. म्हातारपणीं बहुतेकांचें असेंच होतें, असें ते म्हणाले. तो कागद पाहतांना आमच्या वर्णोच्चाराच्या तासिका आम्हांस आठवल्या. अ, आ, ओ ह्या स्वरांचें बळ खालच्या नादांत असतें. श, ष, स ह्या ऊष्म वर्णांचें वरच्या. दादांस स्वर ऐकूं येत होते, ऊष्म वर्ण गळत होते. आवाज वाढविला म्हणजे दोहोंस सारखाच वाढतो. स्वरांचा आरडाओरडा होतो आणि शब्द अर्धवटच राहतो. बोलण्यासाठीं डॉक्टरांनीं श्रवणयंत्र दिलें, तें दादा वापरतात; पण त्यांतून गाणें पत्र्यावर वाजल्यासारखें लागतें, असें ते सांगतात.

आम्हांस हवा होता तो अधिक वॅटचा नव्हे, तर वरचे नाद तेवढे निराळे वाढवितां येतील असा, म्हणजे 'ट्रेबल'ची खुंटी असलेला ॲम्प्लिफायर. शुद्धतेचे अभिमानी लोक ह्या खुंटीस नाकें मुरडतात. मूळ ध्वनींत हात घालूं नये, असा त्यांचा आग्रह. तरुण कानांसाठीं तो ठीक आहे. आमच्या देखण्या डबीस खुंटी एकच होती, आवाजाची.

मग मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, ज्यास आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, एका कारागिराकडे गेलों. त्याच्याजवळ चाळीसेक वर्षांपूर्वींचा, जपानी बनावटीचा, चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर होता. फोनो, बेस, ट्रेबल सर्व होतें. जुना माल घेतांना काय पाहावें, हें त्या भल्या माणसानेंच शिकविलें. पाठीवर २२० ते २४० व्होल्ट लिहिलें आहे ना? जपानांत घरगुती वीज १०० व्होल्टची, तेथील यंत्र आपल्याकडे थेट लावल्यास जळेल. खुंट्या फिरवितांना खरखरतात काय? दोन्ही बाजू सारख्या वाजतात काय? गाणें नसतांना घरघर येते काय? त्यानें खुंट्या साफ केल्या आणि आंतील वाळलेले कपॅसिटर बदलले. यंत्राचे सात हजार, दुरुस्तीचे अडीच. डबी धरून चौदा हजार झाले. एक हजार उरले.

घरीं जोडल्यावर तंबोऱ्याच्या षड्जाखालीं एक निराळाच षड्ज घुमूं लागला. तबकडीयंत्राची जमिनीची तार मागील स्क्रूस बांधावयाची राहिली होती. ती बांधतांच घरघर थांबली. मग तीच हिराबाईंची तबकडी लावली, आणि ट्रेबलची खुंटी एकेक घर पुढें सरकवीत गेलों. तिसऱ्या घरावर दादांनीं डोळे उघडले. थोडा वेळ ते तसेच ऐकत राहिले. मग हात हलवून म्हणाले, "बाळ, आवाज जरा कमी कर."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. कांहीं न बोलतां त्या आंत वळल्या.

ही खुंटी म्हणजे औषध नव्हे. कानाची शक्ति फारच गेली असेल तर तिचा उपयोग होत नाहीं, आणि म्हाताऱ्यांसाठीं सतत मोठा आवाज ठेवल्यास लहानांचे कान मात्र बिघडतात. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, ध्वनिवर्धक निवडण्यापूर्वीं तो कोणाच्या कानांसाठीं घ्यावयाचा आहे हें ठरवावें, आणि घरांतील वडील माणसाचें मन कशांत लागेनासें झालें, तर त्यास विरक्त म्हणण्याच्या आधीं त्याचे कान तपासून घ्यावे.

ती लहान डबी आतां मुलांच्या खोलींत आहे. तिच्यावर तीं काय वाजवितात, हें आम्ही विचारीत नाहीं. दिवेलागणीस मात्र तीं पुन्हां माजघरांत गप्प बसूं लागलीं आहेत.