व्हरमाँटची बेगमी

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती उभ्या राहतात. माझी धाकटी बहीण राहते त्या व्हरमाँट राज्यात यातलं काही म्हणजे काही नाही. कॅनडाच्या सरहद्दीला टेकलेलं हे चिमुकलं राज्य. नावाचा अर्थच मुळी फ्रेंच भाषेत ‘हिरवा डोंगर’ असा. राज्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग जंगलानं व्यापलेला. राजधानी माँटपेलियर, तिची वस्ती जेमतेम आठ हजार. आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव याहून मोठं निघेल! तिथल्या विधानभवनाच्या सोनेरी घुमटावर कृषिदेवतेचा पुतळा आहे, तोही लाकडाचा. आधीचा कुजला म्हणून २०१८ साली महॉगनीचा नवा कोरून बसवला. आणि गंमत अशी, की ते विधानभवन नि आसपासच्या कितीतरी इमारती हिवाळ्यात ऊबदार राहतात त्याही लाकडाच्या ढलप्या जाळूनच.

२०२४ च्या मे महिन्यात मी बहिणीकडे गेले. तिचं गाव राजधानीपासून पाऊण तासावर. वाटेत दर घराच्या अंगणात लाकडांच्या राशी दिसत होत्या. कुठे भिंतीसारख्या सरळ रचलेल्या, कुठे नुसताच ओंडक्यांचा ढीग ओतलेला. कोकणात पावसाआधी सरपण पडवीत भरून ठेवतात ना, तशीच ही बेगमी. फक्त इथं ती थंडीसाठी, आणि तिची सुरुवात होते ऐन वसंतात.

इतक्या लवकर कशाला, असं तुमच्या मनात येईल. ओल्या लाकडात पाण्याचाच भाग फार. तोडलेल्या ओंडक्याच्या वजनात कधी कधी निम्मं पाणी असतं. असं लाकूड शेगडीत घातलं की आग सगळी ते पाणी आटवण्यात खर्ची पडते. खोली गार ती गारच, वर धूर, आणि धुराड्याच्या आतून डांबरासारखा चिकट थर बसतो तो वेगळाच. तो पेटला की घराला आग लागते. म्हणून लाकडात वीस टक्क्यांपेक्षा कमी ओल राहिली पाहिजे. साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, तेव्हा आधी ओंडका फोडायचा आणि मग उन्हावाऱ्यात रचायचा. मेपल, ॲश, बर्च ही झाडं सहा महिने ते वर्षभरात वाळतात, ओकला कधी दोन वर्षंही लागतात. मे महिन्यात फोडलं नाही तर डिसेंबरात जाळायचं काय?

बहिणीच्या घरात तेलावरचं हीटर आहे. पण ते चालायलाही वीज लागते आणि वीज हिमवादळात हमखास जाते. २०२२ च्या नाताळाआधी आलेल्या वादळात व्हरमाँटमध्ये हजारो घरं अंधारात गेली, त्यात हिचंही. चार दिवस सगळं घर एका लोखंडी शेगडीभोवती गोळा झालं होतं. तिच्यावरच खिचडी शिजली, तिच्यावरच आंघोळीचं पाणी तापलं. “अगदी आपल्या बंबाची आठवण झाली बघ, ताई,” असं तेव्हा तिनं फोनवर सांगितलं होतं.

दर हिवाळ्याला त्यांना चार कॉर्ड लाकूड लागतं. कॉर्ड हे तिथलं सरपणाचं माप. आठ फूट लांब, चार फूट उंच, चार फूट रुंद अशी नीट रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. आजवर ही सगळी लाकडं आमचे मेहुणे घणासारख्या जड कुऱ्हाडीनं फोडत आले. पण आदल्या पावसाळ्याच्या सुमारास त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड कायमची बंद केली. वय सदुसष्ट. बॉस्टनचा मुलगा म्हणू लागला, “आता घर विका नि आमच्याजवळ फ्लॅट घ्या.” मेहुणे गप्प. बहीण मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. “लाकडं फोडता येईनात म्हणून घर विकायचं? फोडायला यंत्र आणीन!” असं म्हणून ती दुकानं पालथी घालायला निघाली, आणि मी तिच्याबरोबर.

या यंत्राला लॉग स्प्लिटर म्हणतात. काम साधंच. लोखंडी तुळईवर ओंडका आडवा ठेवायचा, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाकडून दांडा ओंडक्याला रेटत नेतो, की झाली फाक! बहुतेक यंत्रांत हा रेटा तेलाच्या दाबाचा असतो. मोटारीखाली लावायचा तेलाचा जॅक पाहिला असेल तुम्ही, तेच तत्त्व. जाहिरातीत रेटा टनांत सांगतात. घरच्या विजेवर चालणारी यंत्रं साधारण पाच ते सात टनांची, पेट्रोलची वीस ते पस्तीस टनांची. दुकानातला पोरगा आम्हाला पस्तीसवर नेऊ पाहत होता. बहिणीनं विचारलं, “माझी लाकडं केवढी आहेत ते आधी ऐकशील का?” दुकानदार सगळीकडचे सारखेच!

तिची लाकडं होती सोळा इंच लांबीची, बहुतेक आठ-दहा इंच जाडीची, त्यात ॲश जास्त. ॲशचं असं झालंय, की आशियातून आलेला हिरवा, चकाकणारा किडा ही झाडं पोखरून मारतो आहे. अमेरिकेत तो २००२ साली मिशिगनमध्ये सापडला, व्हरमाँटमध्ये २०१८ साली. त्यामुळे ॲश तोडावे लागतात आणि सरपणाला तेच फार येतात. किडा लाकडाबरोबर प्रवास करतो म्हणून सरपण लांबून आणू नये, असं तिथं बजावून सांगतात. बिचारं ॲश ओलं असतानाही सरळ फाकतं. उलट एल्मचे धागे एकमेकांत असे गुंतलेले, की पाचर आत गेली तरी लाकूड सुटत नाही, उसाच्या चिपाडासारखं लोंबत राहतं. ज्याच्या अंगणात एल्म आणि दीड-दोन फुटांचे गाठाळ बुंधे, त्यानंच वीस टनांच्या पुढे जावं.

तिसरा एक प्रकार जड चाकाचा. चाक गरगर फिरतं आणि त्याचा जोर एका दमात दांड्याला मिळतो. तेलाचं यंत्र दहा-पंधरा सेकंद घेतं ते काम हे दोन-तीन सेकंदांत उरकतं. बघायला झकास, पण मला काही ते रुचलं नाही. हात बाजूला घ्यायलाही उसंत नको का?

एका शनिवारी आम्ही पेट्रोलचं यंत्र दिवसभराच्या भाड्यानं आणलं. घेण्याआधी असं वापरून पाहावं हे माझं ठाम मत झालंय, कारण दुकानात जे कळत नाही ते अंगणात कळतं. हे यंत्र गाडीमागे बांधून ओढत आणावं लागतं. त्याची तुळई उभीही करता येते, म्हणजे जड बुंधा उचलायला नको, नुसता लोटत पाचरीखाली न्यायचा. ही सोय लाखमोलाची. पण इंजिन सुरू करायचं ते दोरीला हिसका देऊन! मेहुण्यांना ते करायचं नव्हतं, आणि बहिणीला सहा हिसके मारावे लागले. जिथं खांदाच जपायचा तिथं हे कसं चालावं? शिवाय आवाज असा, की शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येईना. पेट्रोलचं इंजिन गॅरेजमध्ये दार लावून चालवता येत नाही, त्या धुरातला विषारी वायू जीव घेतो. पाऊस आला की काम बंद.

मग विजेचं पाहिलं. बटण दाबलं की सुरू, धूर नाही. घरच्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालतं, फक्त वायर जाड हवी आणि लांबलचक नको. खोट एकच, ते जमिनीलगत असतं. दर ओंडक्याला वाकायचं म्हणजे खांद्याचं दुखणं कमरेत! बहिणीनं तिथंच कंबरेइतक्या उंचीच्या स्टँडसकट मागितलं. किंमत पेट्रोलच्या यंत्राच्या निम्म्याहून कमी पडली.

आता सावधगिरीचं. यंत्रावर एका वेळी एकच माणूस हवा. एकानं लाकूड धरायचं आणि दुसऱ्यानं दांडी दाबायची, यातच बोटं जातात. चांगल्या विजेच्या यंत्राला दोन्ही हात गुंतल्याशिवाय दांडा हलत नाही. काहीजण एक बटण बांधून ठेवतात म्हणे, त्यांना काय म्हणावं! ओंडक्याची टोकं सरळ कापलेली हवीत, नाहीतर तो निसटून उडतो. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, जाड बूट हवेत, ओढणी-पदर नको. आणि तेलाच्या नळीतून गळती वाटली तर बोट लावून पाहायचं नाही. बारीक भोकातून दाबानं उडणारं तेल कातडीतून आत शिरतं. पुठ्ठा धरून पाहायचं.

वर्षाला एखादाच कॉर्ड जाळणाऱ्यानं मात्र यंत्राच्या फंदात पडू नये. एक दिवस भाड्यानं आणावं, नाहीतर फोडलेलंच विकत घ्यावं.

पहिल्या दिवशी बहिणीनं दोन तास काम केलं. मोठा ओंडका आला की मधोमध न फोडता कडेकडेनं ढलप्या काढायच्या, ही युक्ती तिला शेजारच्या आजोबांनी दाखवली. छोट्या यंत्रालाही मग मोठं लाकूड जमतं. मेहुणे डाव्या हातानं एकेक फाक उचलून रचत होते, साल वरच्या बाजूला, मधे वारा खेळेल अशी जागा सोडून. तिसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला बाजूला केलं आणि स्वतः बटण दाबलं.

मी निघाले तेव्हा अडीच कॉर्ड रचून झालं होतं. एल्मचे पाच बुंधे कोपऱ्यात तसेच पडून होते. ते आजोबांच्या मोठ्या यंत्रावर जायचे होते, त्याच्या बदल्यात बहीण त्यांना पुरणपोळ्या करून देणार होती. मुलाचा फोन आला, तेव्हा ती राशीवर ताडपत्री घालत होती. “घराचं काय ठरलं?” त्यानं विचारलं. “अजून दीड कॉर्ड राहिलंय,” ती म्हणाली आणि ताडपत्रीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.