आमच्या घराची जाहिरात

आल्यागेल्याचें आदरातिथ्य ही गोष्ट गिरगांवांतील चाळकऱ्यांस नवी नाहीं. दोन खोल्यांत आठ-नऊ माणसें, आणि त्यांत गांवाहून कोणी परीक्षेसाठीं, कोणी औषधपाण्यासाठीं, कोणी नोकरीच्या शोधांत येऊन राहिलेला, हा क्रम आमच्या घरानें तीन पिढ्या पाहिला आहे. परंतु त्या पाहुण्यांना बोलावण्यासाठीं कोणास लेखणी हातीं घ्यावी लागली नाहीं. पाहुणा पैसे देऊन येणार असला म्हणजे त्याला घराचें वर्णन आधीं वाचावयास द्यावें लागतें, आणि आपल्याच घराचें वर्णन करणें किती अवघड असतें हें आम्हांस गेल्या दोन वर्षांत पुरतें कळून आलें.

आमचें मूळ घर श्रीवर्धन तालुक्यांत दिवेआगर येथें आहे. पुढें ओसरी, आंत माजघर, वर माडी, मागें पडवी व विहीर, आणि त्यामागें नारळीपोफळीची वाडी. मागील पिढ्यांनीं या सुपारीच्या जोरावर घराचीं कौलें, देवाचा उत्सव आणि भाऊबंदकी या तिन्ही गोष्टी चालविल्या. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि कांहीं तासांत श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यांतील वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ उंच आणि सडपातळ. एक पडतांना शेजारच्या दोघींना घेऊन पडते. नवें रोप लावलें तरी फळ धरावयास पांच-सात वर्षें जातात. कौलें मात्र दर वैशाखांत चाळावींच लागतात. त्यांना सुपारीसाठीं थांबण्यास सांगतां येत नाहीं.

घर सहा जणांच्या नांवावर आहे. माझ्या थोरल्या दिरांचें म्हणणें, तें विकून सर्वांनीं मोकळें व्हावें. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु त्या घरांत आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. घर विकणें म्हणजे त्यांना अंगण, विहीर, तुळस यांसकट उपटून चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आणून लावणें होय, आणि तें रोप जगेल अशी आम्हां कोणाचीच खात्री नव्हती. शेवटीं असें ठरलें कीं, माडीवरच्या दोन खोल्या पर्यटकांस द्याव्या. दोन वर्षांत घराचा दुरुस्तीखर्च घरानेंच काढला तर तें ठेवावें, नाहीं तर विकावें.

‘आपल्या घरानें खानावळ घालावयाची काय?’ हा प्रश्न अर्थातच निघाला. गिरगांवांत राहणाऱ्यानें तो विचारावा याची मला मौज वाटली. गिरगांवचे निम्मे पदवीधर खानावळींच्या आमटीवर पोसले, आणि कित्येक अनाथ बायांनीं पोळ्या लाटून मुलें शिकविलीं. लोकमान्यांनीं १ ऑगस्ट १९२० रोजीं देह ठेवला तें सरदारगृह हेंहि उतारूंचेंच वसतिस्थान होतें. शिवाय दिवेआगरांत हें कांहीं नवल राहिलेलें नाहीं. १९९७ सालीं एका वाडीत जमिनीखालीं गणपतीचा सोन्याचा मुखवटा सांपडला आणि गांवाकडे लोकांची रीघ लागली. २०१२ सालीं तो चोरीस गेला, तरी समुद्र आणि उकडीचे मोदक यांनीं ती वाट मोडूं दिली नाहीं. राज्याची ‘न्याहारी व निवास’ योजना अशाच घरांसाठीं आहे, आणि गांवांतील कित्येक घरें पाहुण्यांची सोय करतात.

पहिली जाहिरात माझ्या पुतण्यानें लिहिली. ‘निसर्गरम्य, शांत, समुद्रालगत, सर्व सोयींनीं युक्त, घरगुती वातावरण.’ सोबत चार छायाचित्रें. पहिल्या तीन महिन्यांत दोन कुटुंबें आलीं. त्यांपैकीं एकानें जातांना संगणकावरील अभिप्रायांत लिहून ठेविलें कीं, समुद्र लगत नसून चांगला बारा मिनिटांच्या वाटेवर आहे आणि रात्रीं न्हाणीघराकडे जावयास अंगण ओलांडावें लागतें. दोन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या होत्या. मुलगा हिरमुसला. मला त्या गृहस्थांचा राग आला नाहीं. अंगण ओलांडण्याचा त्यांना त्रास झाला नव्हता, तें आधीं कोणी सांगितलें नाहीं याचा झाला होता.

मीं ती जाहिरात पुन्हां वाचली. तिच्यांतील एकहि शब्द असा नव्हता, कीं जो शेजारच्या घराच्या दारावर चिकटवितां आला नसता. ‘निसर्गरम्य’ हें विशेषण तर कोंकणांत इतकें स्वस्त झालें आहे कीं, बसस्थानकासहि तें कोणी लावील. वधुवरांच्या जाहिरातींत सगळ्याच मुली ‘गृहकृत्यदक्ष’ असतात, तसाच हा प्रकार. मग विशेषणें काढून टाकून मीं निराळा मार्ग धरला. दूरध्वनीवर चौकशी करणारे लोक काय विचारतात, तें एका वहींत टिपूं लागलें. पन्नासेक चौकश्या जमल्या तेव्हां चित्र स्पष्ट झालें. सर्वांत पहिला प्रश्न शौचालयाचा. मग मोटार कोठें उभी करावयाची. मग समुद्र किती दूर. मग मासे मिळतील काय. मग ‘आमची आई जिना चढूं शकेल का?’ विहिरीच्या पाण्याची गोडी, माडीवरून दिसणारा चंद्र, घराचें वय, यांविषयीं कोणी अवाक्षर काढलें नाहीं. त्या गोष्टी पाहुणा येऊन राहिल्यावर आपण होऊन बोलतो. येण्यापूर्वीं त्याला आईच्या गुडघ्यांची काळजी असते.

छायाचित्रांची गोष्टहि अशीच. पुतण्यानें मला एक हकीकत सांगितली. ‘एअरबीएनबी’ ही कंपनी २००८ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें निघाली. आरंभीं तिचें बस्तान बसेना. २००९ सालीं तिचे संस्थापक ब्रायन चेस्की आणि जो गेबिया न्यूयॉर्कला गेले, तेव्हां घरमालकांनीं मोबाईलवर काढलेलीं अंधुक छायाचित्रें हेंच एक मोठें कारण असल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं चांगला कॅमेरा मिळवून स्वतः घरोघर जाऊन छायाचित्रें काढलीं आणि तेथील साप्ताहिक उत्पन्न दुप्पट झालें. ‘काकू, आपणहि तसेंच करूं या,’ असें म्हणून तो मित्राचा कॅमेरा घेऊन आला.

आमच्या आधींच्या चित्रांत भर दुपारचें ऊन, दोरीवरचीं लुगडीं आणि एक पाठमोरी गाय होती. आतां सकाळीं सातच्या प्रकाशांत ओसरी घेतली. खाटांवर धुतलेले पलंगपोस घालून खोल्या घेतल्या. माझ्या आग्रहावरून न्हाणीघर आंतून-बाहेरून घेतलें आणि माडीचा जिना मुद्दाम खालून वर असा घेतला, म्हणजे तो किती उभा आहे आणि धरावयास दोर आहे, हें दिसावें. मुलगा म्हणाला, ‘अशानें लोक यावयाचे राहतील.’ कांहीं राहिलेहि असतील. परंतु ज्यांना तो जिना चढवत नाहीं त्यांनीं मुंबईहून सुमारें १७० किलोमीटर येऊन त्याच्या पायथ्याशीं तें समजावें, यांत कोणाचें हित आहे? माजघर मात्र कसेंहि घेतलें तरी काळोखेंच येई. दिवा लावून घेतलें तर तें आमचें माजघर वाटेना. शेवटीं काळोखेंच ठेवून खालीं लिहिलें, ‘वैशाखांतील दुपारीं निजण्याची जागा.’ त्या एका ओळीवर तीन कुटुंबें आलीं, असें पुतण्या सांगतो. देवघराचें चित्र काढण्यास आत्याबाईंनीं साफ नकार दिला, आणि तें त्यांचें म्हणणें मला योग्य वाटलें. देव कांहीं सोयींपैकीं नव्हेत.

थोरल्या भाऊजींना गांवच्या ताम्रपटाचा उल्लेख हवा होता. दिवेआगरचा शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील, ताम्रपट हा मराठी भाषेच्या अगदीं जुन्या लेखांपैकीं एक आहे, आणि तसा अभिमान वाटणें साहजिक आहे. तो शेवटच्या ओळींत घातला. खरा वाद त्यांच्या दुसऱ्या ओळीवरून झाला. ती ओळ अशी होती: ‘फक्त ब्राह्मण कुटुंबांसाठीं.’

भाऊजी दुष्ट नाहींत. घरांत आत्याबाई एकट्या, त्यांचें सोवळें, स्वयंपाकघर लागून. अनोळखी माणसांपासून त्यांना उपसर्ग होऊं नये, एवढाच त्यांचा हेतु. पण ओळीचा अर्थ हेतूवरून ठरत नसतो, शब्दांवरून ठरतो. मीं त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. १९१७ सालीं परदेशांत उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशांसाठीं असलेल्या एका वसतिगृहांत ते पारशी नांवानें राहिले. कांहीं दिवसांनीं काठ्या घेतलेल्या लोकांनीं त्यांना तेथूनहि बाहेर काढलें, आणि त्यांना एका सार्वजनिक बागेंत तासन् तास बसून राहावें लागलें. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. काढणाऱ्यांनाहि आपापल्या शुचितेचा काळजीपूर्वक विचार केल्यासारखेंच वाटत असेल. दुसरी गोष्ट कायद्याची. १९५० पासून अमलांत आलेल्या आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमाप्रमाणें दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत जातीवरून कोणास मज्जाव करतां येत नाहीं. पैसे घेऊन माडी द्यावयाची आणि नियम मात्र आपल्या मंगलकार्याच्या पंगतीचे लावावयाचे, हें जमणार नाहीं.

‘मग ओळ नको, आडनांव पाहून काय तें ठरवूं,’ असें ते म्हणाले. हा उपाय फार जुना आणि फार दूरचा आहे. अमेरिकेंतील तीन संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, एकाच मजकुराच्या विनंत्यांवर कृष्णवर्णीयांची वाटणारीं नांवें घातलीं तर घरमालकांकडून होकार मिळण्याचें प्रमाण सुमारें १६ टक्क्यांनीं घटतें. पुढें २०१८ मध्यें त्याच कंपनीनें घरमालकानें होकार देईपर्यंत पाहुण्याचें छायाचित्र त्याला दाखविणें बंद केलें. आमच्याकडे छायाचित्राची गरजच काय? आडनांवांत गांव, जात आणि पुष्कळदां पोटजातहि लिहिलेली असते.

वाद मिटला तो माझ्या युक्तिवादानें नव्हे. आत्याबाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, ‘अरे दादा, वादळानंतर माझ्या दारांतल्या पोफळी ओढून ज्यांनीं वाट मोकळी केली, त्यांना मीं आडनांवें विचारलीं नव्हतीं. त्या दिवसांत मला पाणी त्यांनींच आणून दिलें. आणि तें मीं प्यायलें.’

भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं स्वतःच ती ओळ खोडली. परंतु स्वयंपाकघरांत आणि देवघरांत बाहेरच्या कोणीहि जाऊं नये, ही अट ठेविली. ती सर्वांस सारखी आहे म्हणून मीं मान्य केली. (लग्नानंतर कित्येक वर्षें ती आम्हां सुनांसहि निम्मीशिम्मी लागू होतीच.) घरांत काय शिजावें हें घरानें सांगावें, जेवणारा कोण, हें विचारूं नये, इतका भेद आमच्या घरांत आतां सर्वांना समजला आहे.

सध्यांचा मजकूर साधारण असा आहे: ‘माडीवर दोन खोल्या, मिळून सहा माणसांसाठीं. जिना उभा आहे, धरावयास दोर आहे. गुडघे दुखत असल्यास खालची पडवी मिळेल, आधीं कळवावें. शौचालय व न्हाणीघर अंगणापलीकडे, रात्रभर दिवा असतो. समुद्र पायीं बारा मिनिटें. पावसाळ्यांत पाण्यांत उतरूं नये. घरांत शाकाहारी जेवण, मोदक आदल्या दिवशीं सांगितल्यास. मासे गांवांत इतरत्र मिळतात, पत्ता आम्ही देऊं. घरांत मद्य चालत नाहीं. वीज जाते, पंख्यापुरती सोय आहे. पालीं व बेडूक आहेत. रेल्वेनें माणगांवला उतरून पुढें एस. टी. किंवा भाड्याची मोटार.’

पालींचा उल्लेख काढावा, असें माझ्या धाकट्या जावेचें मत होतें. तो राहिला, आणि परभणीकडील एका लहान मुलानें मुख्यतः बेडकांसाठीं आईवडिलांकडे हट्ट धरला, असें त्याच्या वडिलांनीं आम्हांस कळविलें.

गेल्या दिवाळीपासून मेअखेर माडीवर सतरा कुटुंबें राहून गेलीं. कौलांचा आणि वाशांचा खर्च त्यांतून निघाला. विहिरीचा ढासळलेला कांठ मात्र बांधावयाचा राहिला आहे. घर विकण्याचा विषय भाऊजींनीं एक वर्ष पुढें ढकलला आहे, सोडलेला नाहीं. पहाटे पांच वाजतां आत्याबाई विहिरीचा रहाट ओढतात, त्याचा करकर आवाज माडीवर स्पष्ट ऐकूं येतो. तो जाहिरातींत लिहावा कीं रहाटाला तेल घालावें, यावर अद्याप एकमत झालेलें नाहीं.