सहा फूट सहा इंचांचा सेंटर

युरोपातल्या क्लबांच्या युरोलीग या बास्केटबॉल स्पर्धेचे जुने सामने पाहताना मी हल्ली चेंडूचा नाद सोडून देतो आणि फक्त काइल हाइन्सवर नजर ठेवतो. चेंडू कुठे आहे ते समालोचक सांगतच असतो. हाइन्स कुठे उभा आहे, हे मात्र आपलं आपणच पाहावं लागतं.

•

जन्म १९८६ चा, न्यू जर्सीतल्या सिकलरव्हिलचा. कॉलेज नॉर्थ कॅरोलायनात, ग्रीन्सबरोला. तिथल्या चार वर्षांत दोन हजारांवर गुण, हजारावर रिबाउंड आणि तीनशेवर ब्लॉक. कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये हे तिन्ही टप्पे ओलांडणारे फार थोडे, आणि त्यांत डेव्हिड रॉबिन्सन, अलोन्झो मॉर्निंग, टिम डंकन ही नावं आहेत. तरीही २००८ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ज्या साठ जणांची नावं पुकारली गेली, त्यांत हाइन्स नव्हता. उंची १.९८ मीटर. एनबीएच्या हिशेबात या उंचीची माणसं बाहेरून नेम साधतात. रिंगखाली सात फुटांच्या आसपासचे लागतात. हाइन्सचा सगळा खेळ रिंगखालचा.

•

त्याच २००८ च्या उन्हाळ्यात रोमजवळ दोन अमेरिकन पोरं उतरली. एक ब्रँडन जेनिंग्ज. शाळेतून थेट एनबीएत जायला वयाचा नियम आड येत होता, म्हणून तो वर्षभरासाठी रोमच्या पहिल्या श्रेणीतल्या संघात आला. त्याच्या येण्याची अमेरिकेत केवढी चर्चा झाली! वर्षाने तो परतला आणि ड्राफ्टमध्ये दहावा निवडला गेला. दुसरा हाइन्स. तो रोमच्या आग्नेयेला डोंगरावर वसलेल्या वेरोली नावाच्या लहानशा गावाच्या संघात आला, दुसऱ्या श्रेणीत. तिथे तो दोन मोसम राहिला.

मला ही दोन वर्षं फार मोलाची वाटतात. अशा संघात अमेरिकन खेळाडू आणतात ते गुणांसाठी. हाइन्सनेही ते केलं. पण पुढे ज्यासाठी तो ओळखला गेला ते काम निराळंच होतं: बचावाचं.

•

मग बाम्बर्ग, २०१०-११. बव्हेरियातलं बास्केटबॉलवेडं गाव. जर्मन लीग आणि जर्मन चषक दोन्ही जिंकले, अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हाइन्स. एकच मोसम.

•

युरोपात बचावपटूला रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात हवा तेवढा वेळ थांबता येतं; एनबीएत तीन सेकंदांनी बाहेर पडावं लागतं. त्यामुळे युरोपात आतली जागा कायम भरलेली. ती फोडायला संघ पुन्हा पुन्हा पिक-अँड-रोल खेळतात: उंच गडी येऊन गार्डवरच्या बचावपटूची वाट अडवतो, गार्ड त्याच्या खांद्याला घासून निघतो, आणि समोरच्या उंच बचावपटूला क्षणात ठरवावं लागतं की गार्डला अडवायचं की आपल्या माणसामागे धावायचं. बहुतेक सेंटर इथेच फसतात. गार्डच्या चपळाईपुढे त्यांचे पाय पुरत नाहीत.

हाइन्सचे पुरायचे. तो सरळ माणूस बदलून घेई आणि ऑलिंपियाकोस या ग्रीक संघाच्या स्पानूलिससारख्या गार्डपुढेही गुडघे वाकवून, हात पसरून टिकून राही. मग तिकडे रिंगखाली सात फुटी गडी आला, तर कंबर खाली घेऊन, छातीने रेटत त्याला दूर ठेवी. ज्या उंचीमुळे एनबीएने त्याला नाकारलं, तिच्यामुळेच त्याला दोन्ही कामं जमत होती, असं माझं ठाम मत आहे. बास्केटबॉलमध्ये याहून सुंदर दृश्य मला माहीत नाही. आकडेवारीच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

•

इस्तंबूल, १३ मे २०१२, युरोलीगचा अंतिम सामना. हाइन्स आता ऑलिंपियाकोसकडे. ग्रीस कर्जात बुडालेला, ऑलिंपियाकोसने खर्च छाटलेला, संघात तरुण ग्रीक पोरांचा भरणा. समोर किरिलेंको आणि तेओदोसिचचा सीएसकेए मॉस्को. तिसऱ्या डावात ऑलिंपियाकोस १९ गुणांनी मागे. तिथून त्यांनी सीएसकेएला गुणासाठी तरसवलं. शेवटच्या दहा सेकंदांत सीएसकेएकडे एका गुणाची आघाडी असताना त्यांच्या शिश्कौस्कासचे दोन्ही फ्री थ्रो हुकले; स्पानूलिसने पास दिला, प्रिंतेझिसने चेंडू अलगद वर टाकला. ०.७ सेकंद बाकी. ६२-६१.

लोकांना तो शेवटचा चेंडू आठवतो. मला त्याआधीची ती दहा-बारा मिनिटं पुन्हा पाहावीशी वाटतात, ज्यांत सीएसकेएसारख्या संघाला एकेक बास्केट महाग झाली.

पुढच्या वर्षी लंडनला, पहिल्या डावात १०-२७ असे मागे पडूनही, रेआल माद्रिदवर १००-८८.

•

२०१३ मध्ये हाइन्सला नेलं कुणी? ज्यांना हरवलं त्याच सीएसकेएने. सात मोसम तो मॉस्कोत राहिला. २०१५ च्या उपांत्य फेरीत ऑलिंपियाकोसने, म्हणजे स्पानूलिसनेच, दोन गुणांनी हरवलं. २०१७ ला पुन्हा त्यांनीच. २०१६ ला बर्लिनमध्ये जादा वेळेत फेनेरबाचेविरुद्ध विजेतेपद, २०१९ ला व्हितोरियात आणखी एक. एकूण चार.

एक गोष्ट मात्र चार विजेतेपदांहूनही मोठी आहे. २०१२ ते २०२१ या काळात युरोलीगच्या नऊ फायनल फोर झाल्या (२०२० ची महामारीमुळे झालीच नाही). तीन वेगवेगळ्या संघांतून हाइन्स त्या नऊच्या नऊ खेळला. मालक, प्रशिक्षक, भाषा, देश सगळं बदललं, तरी हा गडी शेवटच्या चारांत आहेच.

•

युरोलीगमधली त्याची गुणांची सरासरी दहाच्या खाली. सर्वोत्तम बचावपटूचा किताब तीनदा: २०१६, २०१८, २०२२. ही निवड प्रशिक्षक करतात. तिसऱ्यांदा मिळाला तेव्हा तो पस्तिशीचा होता.

•

शेवटची चार वर्षं मिलानला, एत्तोरे मेस्सिनांकडे. मॉस्कोतले त्याचे पहिले प्रशिक्षकही तेच. या क्लबाला अमेरिकन नवे नाहीत. पुढे सिनेटर झालेला बिल ब्रॅडली ऑक्सफर्डला शिकत असताना इथे येऊन खेळायचा आणि १९६६ चा युरोपियन चषक जिंकून गेला. बॉब मॅकॅडू १९८६ मध्ये आला तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवून. ब्रॅडलीपुढे एनबीए होती, मॅकॅडूच्या मागे होती. हाइन्सच्या वाट्याला एनबीएतलं एक मिनिटही आलं नाही. त्याच्यावरच्या लेखांची सुरुवात हमखास याच वाक्याने होते, हे मला मनापासून खटकतं. सोळा वर्षं ज्याला बड्या प्रशिक्षकांनी शेवटच्या मिनिटांत कोर्टवर ठेवलं, त्याची ओळख न घडलेल्या गोष्टीने का करून द्यायची?

२०२४ मध्ये मिलानने सलग तिसऱ्यांदा इटलीचं विजेतेपद घेतलं, आणि सदतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला.

•

पाहायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी २०१५ ची हरलेली उपांत्य फेरी सुचवीन. स्पानूलिस कुणाला चुकवून नेम साधतो आहे ते पाहावं, आणि त्या प्रत्येक गुणासाठी त्याला किती राबावं लागतं तेही.