उसाचं बिल आणि चोवीस कोअर

परवा शनिवारी इंदापूरला मामांकडे गेलो होतो. त्यांचा मुलगा बारामती एमआयडीसीतल्या वर्कशॉप्सना सॉलिडवर्क्समध्ये डिझाइन करून देतो. मोठी असेंब्ली उघडली की त्याचा लॅपटॉप मान टाकतो. मामांनी आडसाली उसाच्या बिलातले साठ हजार बाजूला काढले. म्हणाले, "तू कंप्युटरवाला, तूच सांग काय घ्यायचं ते."

झालं! आम्ही लगेच ज्ञान पाजळलं. पुण्यात कंपन्यांनी काढून टाकलेली वर्कस्टेशन्स मिळतात. दोन झिऑन प्रोसेसर, चोवीस कोअर... अजून काय पाहिजे?

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, पण माझं काम त्यातले किती कोअर वापरतं?"

टास्क मॅनेजर उघडला. मॉडेल रिबिल्ड होताना एखाददुसरा कोअर पळत होता, बाकीचे पारावर बसलेले! मॉडेलमधली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून, त्यामुळे काम बहुतेक एका रांगेतच चालतं. जास्त कोअर लागतात ते रेंडरिंगला, आणि ते त्याच्याकडे कोणी मागतच नाही. शिवाय तसल्या जुन्या झिऑनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला.

शेवटी ठरलं ते असं: सेकंडहँडच, पण विंडोज ११ चालणारा एकच वेगवान प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एसएसडी आणि सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीतलं क्वाड्रो कार्ड. उरलेल्या पैशात यूपीएस.

दीड वर्ष रानात उभ्या राहिलेल्या उसाचे पैसे मी पाच मिनिटांत उडवणार होतो. असो. पुढच्या वेळी आधी विचारीन, "काम काय करतोस?"