विजापूरचा गोल घुमट

सोलापूरच्या शाखेत तीन वर्षे काढूनही शंभर किलोमीटरवरचे विजापूर पाहावयाचे राहिले होते. ताळेबंदांतून सवड कुठली! निवृत्तीनंतर चिंचवडहून सपत्नीक गेलो. आदल्या सायंकाळी सहस्रफणी पार्श्वनाथांचे दर्शन घेतले आणि सकाळी, गर्दी होण्यापूर्वीच, गोल घुमट गाठला. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर १६५६ साली पूर्ण झाली. बाहेरून ४४ मीटर व्यासाच्या या घुमटाखाली एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सारा भार पेलला आहे. मनोऱ्यातील जिना चढून आम्ही वर्तुळाकार सज्जात समोरासमोर बसलो. सौभाग्यवतींना हल्ली कमी ऐकू येते. घरी मला आवाज चढवावा लागतो. भिंतीजवळ तोंड नेऊन मी अगदी हळू विचारले, "दमलीस का?" शब्द वक्र भिंतीवरून सरकत गेले. पलीकडून कुजबुज आली, "अहो, ओरडता कशाला? येतंय ऐकू."