टोकन नंबर ४७

"सत्तेचाळीऽऽस!" कॅशिअरने जाळीआडून हाक दिली की वडील बाकावरून उठायचे. मुठीतलं पितळी टोकन खिडकीतून आत जायचं, नोटा बाहेर यायच्या. सोबत एक प्रश्नही यायचा, तोही खड्या आवाजात: "काय अण्णा, एकदम तीन हजार? मुलीचं ठरलं वाटतं!" रांगेतली सगळी डोकी वळायची. दिवेलागणीपर्यंत ताईचं लग्न आळीभर ठरलेलं असायचं. आम्हाला खरं तर कौलं बदलायची होती.

ही आमच्या तालुक्याच्या गावातली १९८०च्या आसपासची बँक. पाटाएवढी लेजरं, नोटा मोजायला ओला स्पंज, शाईचा वास. क्लार्क लेजर उघडायचा तेव्हा टाचा उंचावून मी शेजारच्या पानावरची शिल्लकही वाचून घ्यायचो. त्यात एकदा आमच्या मास्तरांचं खातं दिसलं. त्यानंतर त्यांनी छडी मारली तरी मला त्यांचा राग येईना.

गुप्ततेचं बंधन तेव्हा नव्हतं असं नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७०च्या कायद्यातच ते आहे आणि कर्मचारी रुजू होताना तसं प्रतिज्ञेवर लिहून देतात. कॅशिअरनेही दिलं असणार. पण गिऱ्हाइकाची विचारपूस म्हणजे प्रतिज्ञाभंग, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

खरा पहारा असायचा तो नमुना सहीच्या कार्डाचा. साहेब चष्मा नाकावर ओढून चेकवरची सही त्याच्याशी ताडून बघायचे. अर्धांगानंतर वडिलांचा हात थरथरू लागला, सही जुळेना. साहेबांनी कार्ड बाजूला ठेवलं, वडिलांकडे पाहिलं आणि समोर बसवून नवी सही घेतली. चेहरा हाच पुरावा.

आता आईचं खातं तिच्या फोनमध्ये आहे. बँकेकडे नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये नसेल तर अ‍ॅप दारातच अडवतं. पुरण वाटायला उठली की परत येईपर्यंत ते आपलं आपण बंद झालेलं असतं. खात्याचा नंबरही तिला पूर्ण दाखवत नाहीत. फुल्या, फुल्या आणि शेवटचे चार आकडे. "माझ्यापासून काय लपवताय?" ती फोनलाच विचारते. पासवर्ड म्हणाल तर तो नीट चालवलेल्या बँकेलाही ठाऊक नसतो. तिथे असतं त्याचं दळलेलं रूप, आणि पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. फोनमधून निघालेला मजकूर सांकेतिक करूनच पाठवतात, वाटेत कुणी पाहिला तरी अर्थ लागत नाही. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना ओटीपीसारखा दुसरा पुरावा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीचा केला. ऑक्टोबर २०२२ पासून तर ऑनलाइन दुकानदारांना कार्डाचा नंबर जपून ठेवायलाच बंदी आहे. त्याऐवजी त्यांना जे मिळतं, त्याचं नाव वाचून मला हसू आलं. टोकन!

फरक एवढाच की पितळी टोकन हरवलं तर ज्याच्या हाती पडेल त्याचे पैसे, म्हणून वडील ते घाम येईस्तोवर मुठीत धरायचे. हे नवं एका कार्डाचं, एका दुकानापुरतं. चोराला मिळालं तरी तो ते दुसरीकडे वापरू शकत नाही.

म्हणून चोर कुलपाच्या वाटेला जात नाही, माणसाकडे येतो. मागच्या महिन्यात आईला फोन आला, "आई, बँकेतून बोलतोय." तब्येत विचारली. गुडघे, मोतीबिंदू, सुनेचा स्वभाव, दहा मिनिटं रंगलं. अशा आवाजाची तिला सवयच होती. बँक म्हणजे तिच्या लेखी विचारपूस करणारी माणसं. मग तो म्हणाला, "आता मेसेजमधला नंबर सांगा."

"अहो, तुम्हीच पाठवलात ना? मग मला काय विचारता?"

तिकडून फोन बंद. मी घाबरून अ‍ॅप तपासलं, पैसे जागेवर होते.

आई पुन्हा पुरणाकडे वळली. "मेला चोर," ती म्हणाली, "पण बोलायला किती गोड होता रे."