भित्यापाठी

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे आपण सहज म्हणून जातो. दोष भिणाऱ्याचा, विषय संपला. बीडच्या ऊसतोड बायकांना ही म्हण लावायला मात्र माझी जीभ धजत नाही. अंगावरून पांढरं जातंय म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. हे दुखणं बहुधा जंतुसंसर्गाचं, गोळ्यांनी बरं होणारं. अनेकींना मात्र सांगितलं गेलं, गर्भपिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीसमोर आकडा आला: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. सगळ्यांचं कारण एकच नसणार. पाळीमुळे कामाला पडणारा खाडा आणि मुकादमाकडून घेतलेली उचलही होतीच.

पण म्हणीत ब्रह्मराक्षसच का? खवीस चालला असता, मुंजा चालला असता. लोककथांमधला ब्रह्मराक्षस शिकलेला असतो. विद्या वाईट कामी लावली, मागायला आलेल्याला दिली नाही, म्हणून तो मेल्यावरही पिंपळावर अडकलेला. भिणाऱ्याच्या पाठी लागायला म्हण रचणाऱ्याला नेमका हा विद्वानच सुचावा, यापाशी मी पुन्हापुन्हा येते.

कारण विद्या फार लांब नव्हती. शेजारच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून मुंबईचं टाटा आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास करत होते. त्यातल्या एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठीची चाचणी एकदाच झाली, तरी त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सुरुवातीचा दोष सापडला तर बहुतेकदा तेवढ्याच भागावर उपचार पुरतात, पिशवी शाबूत राहते. हे २००९ साली छापून आलं, इंग्रजीत. बीडमध्ये पिशव्या निघतच राहिल्या.

तेव्हा माहिती पोचवा, एवढंच मला लिहायचं होतं. पण त्याच अभ्यासात एकतीस हजारांवर बायकांचा आणखी एक गट होता. त्यांची चाचणी केली नाही. ती कुठल्या दवाखान्यात होते, हे फक्त सांगितलं. त्यांच्यातल्या ६४ जणी या कॅन्सरने गेल्या, एचपीव्ही गटातल्या ३४. म्हणजे माहिती मिळूनही दवाखाना लांबच राहिला. कुणाला मजुरी बुडवता आली नसेल, कुणाला घरी तोंड उघडता आलं नसेल, कुणाला काही निघालंच तर याची धास्ती असेल. आणि जिथे चाचणी गावात आली, तिथे दहातल्या जवळजवळ आठ जणी आल्या. मग इतकी वर्षं आपण त्यांची भीती म्हणत आलो, ते नक्की काय होतं?